अर्ज पाठवण्यापूर्वी

सांगली

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीची जाहिरात आणि तू पाठवलेला बायोडेटा मी शेजारी शेजारी ठेवून वाचला. कंपनीला क्वालिटी विभागात ट्रेनी हवा आहे. ड्रॉइंग वाचता येणे, मोजमापाची साधने हाताळता येणे आणि सात क्यूसी टूल्सची, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणाच्या सात मूलभूत पद्धतींची, ओळख असणे, या तीन अपेक्षा जाहिरातीत स्पष्ट दिल्या आहेत. तुझ्या पहिल्या पानाचा वरचा निम्मा भाग मात्र ध्येयाचा परिच्छेद, जन्मतारीख, वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती आणि घरचा संपूर्ण पत्ता यांनी व्यापला आहे. जाहिरातीतल्या तिन्ही गोष्टी तू खरोखर शिकली आहेस आणि त्याच दुसऱ्या पानाच्या तळाशी गेल्या आहेत, याचे मला फार वाईट वाटले.

कुपवाडच्या आमच्या कारखान्यात ट्रेनी घेण्याची वेळ येते तेव्हा छाननीसाठी अर्ज माझ्याकडे येतात. शिफ्ट सांभाळून ते वाचायचे असल्यामुळे एका अर्जाला मिनिटभराहून जास्त वेळ देता येत नाही, आणि तेवढ्यात मी एवढेच शोधतो की हा उमेदवार उद्या आला तर त्याला कोणत्या कामावर उभे करता येईल. ‘मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक अर्जात असतात. ते खोटे असतात असे नाही, पण त्यांवरून निवड करता येत नाही.

तू लिहिले आहेस, ‘क्वालिटी विभागात प्रशिक्षण घेतले.’ हे वाक्य कोणीही लिहू शकेल. तू तिथे नेमके काय करत होतीस ते तू मला रोज संध्याकाळी सांगायचीस, तेच लिही: पंप केसिंगचे आतील व्यास बोअर गेजने व बाहेरील व्यास मायक्रोमीटरने तपासले, पहिल्या नगाचा तपासणी अहवाल भरला, रिजेक्ट झालेल्या नगांची ब्लो होल, सँड इन्क्लूजन, साइज आउट अशी कारणवार विभागणी करून, कोणते कारण किती वेळा आले ते उतरत्या क्रमाने दाखवणारा पॅरेटो चार्ट काढला. चार्टमुळे कोणते कारण सर्वांत वर आले आणि त्यावर विभागाने काय केले, हेही एका ओळीत येऊ दे. रोज किती नग तपासलेस हा आकडा ट्रेनिंग डायरीत पाहून घाल, अंदाजाने घालू नकोस. मुलाखतीत व्हर्निअर हातात देऊन लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, विचारतात, तेव्हा ०.०२ मिमी हे उत्तर जितक्या सहज यायला हवे, तितक्याच सहज बायोडेटातील प्रत्येक ओळीचे स्पष्टीकरण तुला देता आले पाहिजे. सीएमएम या त्रिमितीय मोजमापाच्या यंत्रावर तू स्वतः काम केलेले नाहीस, फक्त पाहिले आहेस. म्हणून कौशल्यांच्या यादीतून ते काढून टाक.

लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला काम मागण्यासाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. स्फोर्झाला युद्धाची चिंता होती, हे ओळखून त्याने हलके पूल, तोफा, वेढा घालण्याची साधने यांविषयी आधी लिहिले आणि स्वतःच्या चित्रकलेचा उल्लेख थेट शेवटाकडे केला. वाचणाऱ्याची गरज आधी, हा क्रम मला फार पटतो. तुझी रांगोळी आणि तुझी कबड्डी मला कितीही प्रिय असली तरी त्यांची जागा शेवटची आहे.

वैवाहिक स्थिती, धर्म, आधार क्रमांक आणि फोटो, जाहिरातीत मागितले नसतील तर, काढून टाक. मुलीच्या अर्जावर वैवाहिक स्थिती वाचून काही लोक भलतेच अंदाज बांधतात, आणि त्यांना ती संधी आपण का द्यावी? पत्त्यात फक्त शहर पुरे. शेवटची ‘वरील माहिती खरी आहे’ ही प्रतिज्ञाही खासगी कंपनीला सहसा लागत नाही.

मोठ्या कंपन्यांत अर्ज बहुधा आधी सॉफ्टवेअर वाचते. ते फाइलमधून नुसता मजकूर उचलते, त्यामुळे दोन रकाने, टेबल आणि कौशल्यांपुढचे रंगीत पट्टे यांत मजकुराची सरमिसळ होऊ शकते. साधी एका रकान्याची मांडणी ठेव आणि जाहिरातीतील शब्द, जिथे ते तुझ्या कामाला लागू पडतात तिथे, जसेच्या तसे वापर. नवशिक्या उमेदवाराला एक पान पुरते. कुपवाड म्हणजे काय हे चेन्नईत बसलेल्या एचआरला ठाऊक नसेल, म्हणून ‘कुपवाड एमआयडीसी, सांगली’ असे लिही.

डिप्लोमानंतरचे एक वर्ष तू तारखा सरकवून झाकले आहेस. ते वर्ष तू आजीच्या आजारपणात घरी होतीस आणि त्याच काळात ऑटोकॅडचा कोर्स पूर्ण केलास. यात लपवण्यासारखे काहीही नाही. कंपन्या पुढे कागदपत्रांची पडताळणी करतात आणि तारखा जुळल्या नाहीत तर मिळालेली नोकरीही हातची जाते. ‘कौटुंबिक जबाबदारी’ एवढे दोन शब्द आणि कोर्सचे नाव लिही.

सुधारलेली प्रत पीडीएफ करून, फाइलला स्वतःचे नाव व पदाचे नाव देऊन, आधी मला पाठव. साधनांची नावे आणि मापे मी तपासून देतो. शुक्रवारी रात्रपाळी आहे, त्यामुळे गुरुवारपर्यंत आली तर बरे.

तुझे
बाबा