नववीचा वर्ग भरलेला राहावा म्हणून: कन्नमवार नगरातल्या आपल्या शाळेसाठी माजी विद्यार्थी संघाचं आवाहन

सस्नेह नमस्कार.

दिवाळीआधी घर आवरताना वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत एक पावती सापडली. फिकट गुलाबी कागद, घडीवर विरलेला, शाई उडालेली. पण अक्षर लागतं: 'शाळा इमारत निधी, रु. ११ फक्त.' वडील तेव्हा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आईला विचारलं तर म्हणाली, "त्या महिन्यात ओव्हरटाइम मिळाला होता, त्यातले दिले. शेजारच्या काकांनी पाच दिले होते, ते म्हणाले पुढच्या महिन्यात उरलेले देतो. दिले पण."

आपली शाळा अशी उभी राहिली, म्हणून पावतीपासून सुरुवात केली.

नव्या मुलांना हे ठाऊक नसतं, म्हणून थोडं मागचं सांगतो. विक्रोळी पूर्वेला, पूर्व द्रुतगती महामार्ग ओलांडून खाडीच्या बाजूला गृहनिर्माण मंडळाची वसाहत साठच्या दशकात वसली. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं नोव्हेंबर १९६३ मध्ये पदावर असतानाच निधन झालं. वसाहतीला त्यांचं नाव मिळालं. इथे राहायला आले ते गिरणीतले, गोदरेजमधले, बेस्टमधले, रेल्वेतले, पोस्टातले लोक. बहुतेकांची गावं कोकणात नाही तर घाटावर. खोली मिळाली, नळाला पाणी आलं, आणि लगेच प्रश्न आला की मुलं सातवीनंतर जाणार कुठे. हायवे ओलांडून, स्टेशनपलीकडे मुलींना पाठवायला आया तयार नव्हत्या. तेव्हा इमारती-इमारतींतून वर्गणी काढून हायस्कूल सुरू झालं. आधी पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्ग, मग अनुदान, मग आजची इमारत. मी १९८६ च्या दहावीचा. आमच्या वेळी एकेका इयत्तेच्या पाच-पाच तुकड्या होत्या आणि 'इ' तुकडी मिळाली म्हणून रडणारी मुलं होती.

आज दोन तुकड्या आहेत. कारणं तुम्हाला मी सांगायला नकोत. काही घरांनी इंग्रजी माध्यम निवडलं, त्यांना दोष देण्याचं कारण नाही. दुसरं कारण जास्त मोठं आहे. वसाहतीचा पुनर्विकास सुरू आहे. एकेक जुनी इमारत पाडली जाते, कुटुंबं विकासकाकडून भाडं घेऊन दिव्याला, डोंबिवलीला, बदलापूरला जातात. तीन वर्षांत परत यायचं म्हणून गेलेली माणसं किती वर्षांनी परततात ते आपण बघतो आहोत. तरीही काही आईवडील मुलाचं नाव इथून काढत नाहीत. दिव्याहून सकाळची लोकल पकडून सातच्या प्रार्थनेला हजर होणारी मुलं आपल्या शाळेत आहेत. रेल्वेचा पास शाळेच्या दाखल्यावर मोफत निघतो, पण स्टेशनपासूनच्या शेअर रिक्षाचे पैसे रोज लागतात. परतताना बरीच मुलं चालतच स्टेशन गाठतात.

आता मूळ मुद्दा.

गेल्या वर्षभरात संघाचे आम्ही सात-आठ जण दर शनिवारी शाळेत जातो आहोत. मदत म्हणजे पंखे, बाकं, रंगरंगोटी अशी आमची कल्पना होती. बाईंशी, सरांशी, ऑफिसातल्या मॅडमशी बोलताना एक वेगळीच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. सगळे म्हणतात, "आठवीपर्यंत आम्ही मूल सांभाळतो. नववीत ते आमच्या हातून सुटतं."

का सुटतं, ते बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे आठवीपर्यंत. पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात ती आठवीपर्यंत. दुपारची खिचडी, म्हणजे पोषण आहार, तोही आठवीपर्यंत. जूनमध्ये मूल नववीच्या वर्गात जाऊन बसतं आणि एका दिवसात पुस्तकं विकत, डबा घरचा, वह्या-गाइडचा खर्च वेगळा. मुलींना फी माफ आहे, पण घर चालवणाऱ्या आईला फीपेक्षा हा बाकीचा खर्च जड जातो. वय चौदा-पंधरा. मुलगा असेल तर नाक्यावर मोबाइलच्या दुकानात, गॅरेजमध्ये हात लावायला बोलावणारं कुणीतरी असतंच. मुलगी असेल तर धाकट्या भावंडांना कोण बघणार हा प्रश्न उभा राहतो. ऑक्टोबरपर्यंत हजेरीपटावर लाल शेरे वाढतात. दिवाळीनंतर ते मूल येतच नाही.

एका दुपारी मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभा होतो. सहावी-सातवीची मुलं रांगेत ताटल्या घेऊन बसली होती, मटकीच्या खिचडीचा वास सगळ्या मजल्यावर. नळापाशी नववीची चार मुलं होती. पाणी पिऊन झालं तरी जात नव्हती. त्यातला एकजण पुढे झाला आणि वाढणाऱ्या मावशींना म्हणाला, "मावशी, टोप उचलू लागतो." दोन मुलांनी मिळून तो जड टोप उचलून दिला. मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मी वर्गशिक्षिकेला विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "रोज उचलतात. डबा आणलेला नसतो ना." त्या स्वतः दोन डबे आणतात, हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं.

म्हणून आम्ही ठरवलं आहे की या वर्षी संघाची सगळी ताकद नववी आणि दहावीवर लावायची. भिंती नंतर रंगवू.

पहिलं काम पुस्तकांचं. नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला बालभारतीचा पूर्ण संच शाळेकडून वापरायला द्यायचा, वर्ष संपलं की परत घ्यायचा, पुढच्या मुलाला द्यायचा. अशी 'पुस्तकपेढी' आपल्या वेळी होतीच, आठवते ना? खाकी कव्हर, वर लाल पेन्सिलने नंबर. ती बंद पडली, ती पुन्हा सुरू करायची आहे. तुमच्या घरी यंदाच्या अभ्यासक्रमाची पुस्तकं पडून असतील तर चांगल्या स्थितीतली आणून द्या. नवा संच विकत घेऊन दिलात तर त्यावर तुमच्या बॅचचं नाव घालू.

दुसरं काम डब्याचं. शाळेसमोर पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी असलेल्या ताईंशी बोलणं झालं आहे. ज्या मुलांना गरज आहे त्यांना मधल्या सुट्टीत पोळीभाजी मिळेल, पैसे संघ भरेल. कोणत्या मुलांना मिळते हे फक्त वर्गशिक्षिकेला ठाऊक असेल. यादी फळ्यावर लागणार नाही, फोटो काढले जाणार नाहीत. देणगीदारांनीही तो आग्रह धरू नये ही नम्र विनंती.

तिसऱ्या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, माणसं लागतात. आठवीत 'एनएमएमएस' नावाची परीक्षा असते, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेली, सरकारी, पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेतली मुलं तिला बसू शकतात. निवड झाली तर नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये, म्हणजे वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या खात्यात. बरोबर ज्या वर्षापासून मोफत पुस्तकं आणि खिचडी थांबते त्याच वर्षापासून हे पैसे सुरू होतात. आपल्या मुलांसाठी याहून उपयोगी परीक्षा दुसरी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. दोन पेपर असतात, एक बौद्धिक क्षमतेचा, एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. हुशारी आपल्या मुलांत आहे, सराव नाही. आकृत्यांची मालिका, सांकेतिक भाषा, दिशा असे प्रश्न त्यांनी पाहिलेलेच नसतात. शनिवारी दोन तास येऊन हे शिकवणारी माणसं हवी आहेत. बँकेच्या किंवा स्पर्धा परीक्षांची तयारी केलेल्या आपल्या तरुण माजी विद्यार्थ्यांना हे डोळे मिटून जमेल.

यात आणखी एक मेख आहे. निवड झाली तरी दरवर्षी पोर्टलवर अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच असावं लागतं. एका मुलीच्या आधारवर वडिलांचं नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावर वेगळं. हातात आलेली शिष्यवृत्ती अडकून पडली. तिच्या आईने त्यासाठी चार दिवस घरकामाला दांड्या मारल्या. महिन्यातून एक शनिवार लॅपटॉप घेऊन बसणारे दोघंतिघं मिळाले तर ही धावपळ वाचेल. बँकेत नोकरी करणाऱ्यांनी कृपया इकडे लक्ष द्यावं.

चौथी गोष्ट प्रयोगशाळा. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, जास्त लिहितो आहे, सांभाळून घ्या.

दहावीला विज्ञानाचे दोन भाग, लेखी ४०-४० गुणांचे, आणि प्रात्यक्षिक २० गुणांचं. आपल्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक तीन, चालू एक. त्याचाही आरसा सैल झाला आहे, सर त्याला खाली कागदाची घडी लावतात. मी गेलो त्या दिवशी कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड लावली होती. चाळीस मुलांची रांग. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा सेकंद. एक मुलगी बघून बाजूला झाली आणि गुपचूप पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तिच्यापुढे सहाजण होते. सरांनी तिला थांबवून घेतलं, पुन्हा दाखवलं. ती म्हणाली, "सर, भिंतीसारखं आहे. विटा विटा." पेशीभित्तिका हा शब्द तिला पुस्तकातून पाठ होता. तो तिला त्या दिवशी दिसला.

आपल्याला सहा सूक्ष्मदर्शक, परीक्षानळ्या, चंचुपात्रं, भिंगं, प्रिझम, चुंबक, विद्युत मंडळाचे संच घ्यायचे आहेत. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांची संघटना घेते ती डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. लेखी पार केलं की पुढची फेरी प्रात्यक्षिकाची. उपकरणं हाताळलेली नसतील तर मूल तिथे बिचकतं. आपल्या शाळेतून कुणी नववीत त्या फेरीला जावं असं सरांना फार वाटतं. मलाही वाटतं.

शिक्षकांचा पगार शासन देतं. पण पगाराबाहेरच्या खर्चाला, म्हणजे वेतनेतर अनुदानाला, जे मिळतं त्यात वीजबिल, खडू-डस्टर आणि दुरुस्त्या भागवतानाच ओढाताण होते. प्रयोगशाळा, वाचनालय, खेळ, चित्रकला यांना शेवटी उरतं काय? पट कमी झाला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवणाऱ्या सरकारी मंजुरीत, शिक्षकांची पदं कमी होतात, ती कमी झाली की आणखी मुलं जातात. नववीतून गळलेलं प्रत्येक मूल शाळेलाही कमकुवत करून जातं. आम्ही नववी धरून ठेवायला निघालो आहोत त्याचं हेही कारण आहे.

मूल शाळेत टिकतं ते काही नुसत्या गणितामुळे नाही. आपल्यातले कितीजण लेझीमसाठी, कबड्डीसाठी, स्नेहसंमेलनातल्या नाटकासाठी शाळेत येत होते, खरं सांगा. मी आरएसपीची, म्हणजे शाळेतल्या रस्ता सुरक्षा पथकाची, शिट्टी मिळावी म्हणून एक दिवस खाडा केला नाही. आजही १७ वर्षांखालच्या कबड्डी संघातली मुलं सकाळी साडेसहाला मैदानात असतात. अंगाने बारीक, पण चढाई बघण्यासारखी. अडचण अशी की सराव मातीवर आणि सामने मॅटवर. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याचा पाय मॅटवर सरकतो, आणि मॅटचे बूट संघात तिघांकडेच आहेत. बाकीचे आत जाताना बाहेर येणाऱ्याचे बूट घालतात, माप जुळलं तर. बारा जोड बूट आणि एक जुनी मॅट, एवढं मिळालं तरी ही मुलं उपनगर जिल्ह्याच्या स्पर्धेत पुढे जातील. कुणाच्या ओळखीत क्रीडा मंडळ जुनी मॅट काढत असेल तर कळवा, टेम्पोचं आम्ही बघू.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना पोस्टर कलर, ब्रश आणि कागद हवे आहेत. वाचनालयाची दोन कपाटं वाळवीने खाल्ली, लोखंडी कपाट कुणी देऊ शकलं तर उत्तम. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा शाळेत पेढे वाटले होते. त्या भाषेतली गोष्टीची पुस्तकं मुलांच्या हाती देण्याइतकं कपाट आपण नक्की उभं करू शकतो.

देणगी कितीही चालेल. रोख देणाऱ्यांनी शाळेच्या ऑफिसातच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. वस्तू द्यायची असेल तर आधी विचारून द्या, कारण वॉटर कूलर दोन आले आहेत आणि त्यांना लावायला जागा एकच आहे. दर तीन महिन्यांनी जमाखर्चाचा कागद शाळेच्या दर्शनी फळ्यावर लागेल, बॅचच्या गटांवरही येईल. कुणाला खर्च पटला नाही तर त्याने शनिवारी येऊन विचारावं, उत्तर मिळेल.

वसाहतीतल्या मंडळांनाही विनंती आहे. गणपतीत आणि दहीहंडीत आपला एक बॅनर कमी करून त्या पैशांत पुस्तकांचे काही संच येतात. ज्या सोसायट्यांचा पुनर्विकास झाला आहे त्यांनी नव्या घरात आलेल्या कुटुंबांना शाळा एकदा दाखवावी. पाचवीपासून सेमी-इंग्रजी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आम्ही दर शनिवारी सकाळी ९ ते १२ तळमजल्यावर, जुन्या चित्रकलेच्या वर्गात बसतो. फाटक बंद दिसलं तर बाजूच्या लहान दरवाजाने या, शिपाईमामा उघडून देतात. शिकवायला येणार असाल तर कोणता विषय आणि महिन्यातले किती शनिवार, एवढं आधी ठरवून या. मुलं वाट बघत बसतात, म्हणून जेवढं जमेल तेवढंच कबूल करा.

आणि घरी आईवडिलांच्या पेट्या, ट्रंका एकदा उघडून बघा. इमारत निधीच्या जुन्या पावत्या सापडल्या तर घेऊन या. नवी पुस्तकपेढी सुरू होईल त्या दिवशी त्या काचेच्या चौकटीत लावायच्या आहेत. आतापर्यंत चार जमल्या आहेत.

आपले,
माजी विद्यार्थी संघाचे सर्व सभासद
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व)