मिरपुडीचा प्रयोग नीट दाखवू या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हा प्रयोग हमखास असतो. ताटातल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरायची, मधोमध साबण लावलेली काडी टेकवायची, की पूड सरसर काठाकडे जाते. फलकावर लिहिलेले असते, ‘साबणाला घाबरून जंतू पळतात’. हे मुलांच्या मनात रुजू देऊ नये. पळतो तो पाण्याचा पृष्ठभाग, आणि पूड त्याच्यावर स्वार असते. स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभागाची आकसण्याची ओढ, 25 अंश सेल्सिअसला मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. साबण लागतो तिथे तो 30 च्या आसपास उतरतो, आणि भोवतीचे जास्त ताणाचे पाणी मधल्या पाण्याला ओढून नेते. इटलीचे भौतिकशास्त्रज्ञ कार्लो मारांगोनी यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पटवायचे असेल तर शिवणाच्या दोऱ्याचा सैल वेढा पाण्यावर ठेवून आत साबणाची काडी टेकवा. वेडावाकडा दोरा क्षणात गोल होतो.

प्रयोग फसतो तो बहुतेक ताटामुळे. भांडी घासण्याचा साबण किंवा तेलाचा अंश राहिला, तर पाण्यावर आधीच न दिसणारा थर असतो आणि पूड जागची हलत नाही. ताट गरम पाण्याने आठ-दहा वेळा विसळावे, आत बोट लावू नये. मग सुरीने खरवडून कापराचा मोहरीएवढा कण पाण्यावर टाकावा. भिरभिरला तर ताट स्वच्छ, निपचित पडला तर पुन्हा विसळावे. कापराला थांबवायला तेलाचा किती थर पुरतो हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी 1890 मध्ये मोजले: मिलिमीटरचे जेमतेम दोन दशलक्षांश! कसोटीचे पाणी मात्र ओतून द्यावे.

खानापूर भागात भाताचे तूस सहज मिळते, त्याचाही उपयोग करावा. काचेच्या पेल्यात काठाखाली पाणी असेल तर तुसाचे बारीक तुकडे काचेला जाऊन चिकटतात, कारण तिथे पाणी थोडे वर चढलेले असते आणि तरंगणारे ते चढण चढते. पेला शीग येईल इतका भरला की तेच तुकडे मध्ये गोळा होतात.

परीक्षक आले की मुले त्याच ताटात पुन्हा काडी टेकवतात आणि काहीच घडत नाही, कारण पाण्याचा ताण आधीच उतरलेला असतो. म्हणून टेबलाखाली स्वच्छ पाण्याची बादली आणि विसळलेली तीन-चार ताटे तयार ठेवावीत.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)