क्रायस्लर तुझी, हॅनकॉक माझी

प्रिय मंद्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला आणि ठरवलं की याचं उत्तर व्हॉट्सॲपवर द्यायचंच नाही, कारण तिथे मी चार ओळी लिहिल्या की तू एक हसरा तोंडवळा टाकून मोकळा होतोस. तर आता बस वाचत. तुझं म्हणणं काय, तर शिकागोत नुसते काळे काचेचे डबे उभे केलेत, आणि जगात बघण्यासारखा टॉवर एकच, न्यूयॉर्कची क्रायस्लर.

क्रायस्लर देखणी आहे, त्यावर वादच नाही. १९३० सालची, डोक्यावर तो चकचकीत स्टीलचा तुरा, कमानीवर कमान, त्यात तिकोनी खिडक्या, आणि ३१व्या मजल्याच्या कोपऱ्यांवर चक्क गाडीच्या रेडिएटरची झाकणं! वॉल स्ट्रीटच्या टॉवरशी उंचीची चुरस लागली होती, तर तिचा आर्किटेक्ट व्हॅन ॲलन या पठ्ठ्याने १८५ फुटांचा सुळका गुपचूप आतल्या आत जोडून घेतला आणि १९२९च्या ऑक्टोबरमध्ये एकदम वर काढला. म्हणजे आपल्या गणपती मंडळांचीच तऱ्हा. पण तो तुरा झाकून बघ आणि मला सांग, एवढं धूड उभं कशावर आहे हे बाहेरून कळतं का?

शिकागोच्या हॅनकॉक टॉवरचं कळतं. १९६९ची, १०० मजले, खालून वर निमुळती होत गेलेली आणि बाहेरून हे मोठ्ठे फुलीचे लोखंडी पट्टे. ती फुली नक्षी नाहीये, वारा तिच्यावरच पेलला जातो. हे डोकं इंजिनिअर फझलूर खान यांचं, ढाक्यात जन्मलेला माणूस, कोलकात्याजवळच्या शिबपूरला शिकलेला. वारा आणि बराचसा भार बाहेरच्या सांगाड्यानेच घेतला तर आत खांबांची गर्दी नको आणि लोखंडही कमी लागतं, इथे चौरस फुटाला साधारण ३० पौंड लागलं, न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेटला ४२च्या आसपास, आणि ती तर याहून फार उंच पण नाही. पुढे शिकागोतल्याच सिअर्स टॉवरला (आताचा विलिस टॉवर) त्यांनी नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधल्या, दोन ५०व्या मजल्याला थांबतात, दोन ६६व्याला, तीन ९०व्याला, उरलेल्या दोनच वरपर्यंत जातात. म्हणून ती पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कुणाला हौस आली म्हणून नाही.

हां, आता तुझ्या बाजूचं पण सांगतो. हॅनकॉकमध्ये ४४व्या मजल्याच्या वर लोक राहतात, तिथे एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो. हॉलच्या खिडकीतून लेक मिशिगन दिसतं, नुसतं निळं, आणि त्याच्यावरून तिरका जाणारा जाडजूड पट्टा. त्यांनी तिथे मनीप्लांट चढवलाय! परत येताना गाडीत बायको म्हणाली, एवढे पैसे मोजून खिडकीत गर्डर? मी गप्प.

आणि दुसरं, हे जास्त लागलं मला. शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्हवर मीस व्हॅन डर रोह या आर्किटेक्टचे दोन टॉवर आहेत, १९५१चे, सगळ्या काचेच्या डब्यांचे आजोबा. मी समजत होतो की त्यांच्या बाहेरून उभे गेलेले लोखंडी आय-सेक्शन, इंग्रजी I सारखे दिसणारे पट्टे, म्हणजे बिल्डिंगची हाडं. तर नाही! खरं भार घेणारं लोखंड आगीच्या नियमांमुळे काँक्रीटमध्ये झाकलेलं आणि बाहेरचे हे बरेचसे नुसते दिखाव्यासाठी चिकटवलेले. म्हणजे प्रामाणिकपणाचा पण मेकअपच की रे. तुझा फोन आला असता त्या दिवशी तर मी हरलो असतो.

पण तुझ्या "काचेचे डबे वाईट" मध्ये मी माझं एक घालतो, वाईट ते डबे नाहीत, वाईट ते कुठेही उचलून ठेवणं. लोअर परेलचं माझं जुनं ऑफिस आठवतं ना, बाहेरून कसलं झकास, पूर्ण काच. दुपारी ऊन असं यायचं की ब्लाइंड्स खाली, मग अंधार म्हणून ट्यूबलाइट चालू, मग एसी १८ वर, आणि माझ्या शेजारची मुलगी मे महिन्यात शाल घेऊन बसायची. शिकागोत सहा महिने थंडी असते, तिथे ऊन आत आलेलं चालतं तरी. मुंबईत?

म्हणून माझ्या मते मुंबईतला खरा टॉवर म्हणजे पेडर रोडची कांचनजंगा. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची, १९८३ची, २८ मजले, ३२ फ्लॅट. पश्चिमेला समुद्र, वारा तिकडूनच येतो पण संध्याकाळचं ऊन आणि पाऊस पण तिकडूनच झोडपतो, तर त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलला आणि दोन मजली उंच करून कोपऱ्यांत कोरून टाकला. लांबून बघितलं तर कुणी पांढऱ्या ठोकळ्याचे कोपरे चावून खाल्लेत असं वाटतं. तुरा नाही, फुली नाही. हिला तू कुठल्या टीममध्ये घेतोस ते सांग.

आणि एक काम कर, रविवारी तसाही तू बाबुलनाथला जातोस, तर पाच-साडेपाचला तिथून पुढे जा आणि ऊन त्या व्हरांड्यात किती आत शिरतंय त्याचा फोटो काढ. झूम करू नको, तुझ्या फोनने सगळं फुटतं.

काकूंना नमस्कार. गुडघा कसा आहे त्यांचा?

तुझा,
विन्या