कूस निघाली एकदाची

प्रिय मित्रा,

परवा तुझा फोन अर्ध्यातच ठेवला त्याबद्दल सॉरी यार, मागे जी किंकाळी ऐकलीस ती चिमीची. जुन्या लाकडी स्टुलावरून हात घासत खेळत होती आणि अंगठ्याखालच्या गुबगुबीत भागात लाकडाची बारीक कूस घुसली. गंमत म्हणजे घुसली तेव्हा रडलीच नाही, पाच मिनिटांनी मूठ आवळून आली आणि म्हणे बाबा हातात काहीतरी टोचतंय. मी म्हणलं दाखव, तर मूठ उघडेना. पुढं काय होणार ते तिला बरोबर कळलं होतं.

आणि मी तेच केलं. मनगट घट्ट धरलं, दोन बोटांनी चामडी दाबली, म्हणलं पुळीसारखं पिचकलं की येईल बाहेर. नाही येत रे! लाकूड ठिसूळ असतं, दाबलं की आतल्या आत मोडतं. बाहेर जे जरासं टोक दिसत होतं ते चिमट्यात तुटून आलं आणि बाकीची कूस आत, चामडीखाली नुसती एक काळपट रेघ. नेमका तेव्हाच तुझा फोन, चिमीनं घर डोक्यावर घेतलेलं, बायको माझ्याकडं असं बघत होती की कूस परवडली. वर चाळिशीमुळं मला ते कुसळही धड दिसत नव्हतं, मुसळाचं तर सोडूनच दे.

मग तासभर काहीच केलं नाही. हे मात्र बरं झालं. कूस म्हणजे काही लगेच जीवावर बेतणारी गोष्ट नाही, घाई असते ती आपल्याला. कोणीतरी सांगितलं कोमट पाण्यात हात बुडवून ठेवा, पण लाकूड पाणी पितं, फुगतं, मऊ पडतं आणि मग ओढताना त्याचा भुगा होतो, त्यामुळं फक्त साबणानं हात धुतले, तिचे आणि माझेही.

तुला आठवतं, आपण मागच्या बाकावर बसून तळहाताच्या वरच्या कातडीतून टाचणी ओवायचो आणि पोरापोरींना दाखवत सुटायचो? ना रक्त, ना दुखणं. कारण कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेलाच असतो, त्यात ना शिरा ना नसा, आणि तळहातावर तो चांगला जाड असतो. मला ते एकदम आठवलं. सुई आणि चिमटा स्पिरिटनं पुसून घेतले, चिमीला खिडकीपाशी मांडीवर घेतलं आणि तिच्यादेखत माझ्याच बोटाच्या कातडीतून सुई आरपार घातली. तिचं तोंड उघडंच राहिलं. म्हणे दुखत नाही? म्हणलं नाही. म्हणे परत कर. तीनदा करून दाखवलं रे!! मग दुसरी सुई पुसून घेतली, तिच्या दुसऱ्या हातात टॉर्च दिला, म्हणलं तू उजेड धर, हलला तर मला दिसणार नाही. आता ती रडायचं सोडून टॉर्च सांभाळत बसली.

मोबाईलचा कॅमेरा झूम करून आधी नीट बघून घेतलं, कूस कुठून शिरलीय आणि तिरकी कुठल्या बाजूला गेलीय. हे महत्त्वाचं, कारण ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं ओढायची, सरळ वर उपटली की मोडते. सुई त्या रेघेवर आडवी ठेवून वरची चामडी फक्त उकलली, खोल टोचलं नाही, टोक मोकळं झालं, अगदी मुळाशी चिमट्यात धरलं आणि सावकाश ओढलं. आली! मोजली तर जेमतेम 4 मिलिमीटर, एवढ्याशा गोष्टीसाठी केवढं महाभारत. रक्ताचा थेंब नाही. परत धुतलं आणि बँडेडची पट्टी लावली, ती पट्टी खरं तर चिमीच्या समाधानासाठीच.

दोन दिवस लक्ष ठेवलं, लाल होतंय का, गरम लागतंय का, पू धरतोय का, तसलं काही झालं नाही. धनुर्वाताची लस वेळेवर झालीय का तेही कार्डात बघून घेतलं.

तुझं पोरगं आता सगळीकडं हात घालायला लागलंय म्हणून हे एवढं लिहितोय. अगदी वरवरची, केसासारखी कूस असेल तर चिकटपट्टी लावून ओढली तरी येते. पण नखाखाली गेली, खोल गेली, डोळ्याजवळ असली किंवा काचेचा तुकडा असला तर शूरपणा करू नकोस, सरळ डॉक्टरकडं ने. आणि कूस अर्धी आत राहिलीय असा संशय असेल तर तेही सांग त्यांना, लाकूड एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसू शकतं. काच मात्र एक्स-रेत बहुतेक वेळा दिसते.

ती कूस चिमीनं पारदर्शक टेपवर चिकटवून काडेपेटीत ठेवलीय, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवते, तू आलास की तुलाही बघावी लागेल. चल, थांबतो, हाका मारतेय. बाहुलीच्या हातात कूस गेलीय म्हणे, आणि टॉर्च मी धरायचाय.

तुझाच
मागच्या बाकावरचा