‘कपडा कुठंय?’ असं विचारणाऱ्या शिंपी मास्तरांना

आदरणीय मास्तर,
शि. सा. नमस्कार.

तुमचा मोबाइल फक्त फोन घेण्यापुरता, त्यामुळे हे पत्र तुमची नातच वाचून दाखवणार. सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण फॅशन फोटोग्राफीत शिरायला धडपडणाऱ्या आणखी चार जणांच्या ते नजरेस पडलेलं बरं.

मी जीन्स आखूड करायला आले ना, त्याच दुपारी एका स्टायलिस्टबाईंनी माझा पोर्टफोलिओ दोन मिनिटांत खालीवर करून परत केला होता. ‘‘फोटो सुंदर आहेत, पण फॅशनचे नाहीत.’’ म्हणजे काय, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता. तोंड उतरलेलं बघून तुम्ही विचारलंत आणि मी फोन पुढे केला. सगळ्यात लाडका फोटो पहिला: पाषाण तलाव, मावळतीचं ऊन, उडणारे केस. तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, ‘‘पोरगी छान आहे. कपडा कुठंय?’’

मला राग आला होता, आता सांगून टाकते. ८५ एमएमची लेन्स उसनी आणलेली, एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, पार्श्वभूमी कशी अलगद विरघळलेली! पण तिच्यासोबत पदरही विरघळला होता, आणि सूर्य पाठीमागे असल्यानं काठ नुसता काळा पट्टा झाला होता. ते मला सहा महिन्यांत दिसलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी ४८ फोटो छापून आणले. तुम्ही ते कटिंगच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडलेत. चकचकीत कागदावर खडू उमटेना, मग जिथे खोट तिथे एकेक टाचणी ठेवत गेलात. उजवा खांदा उतरलाय. बाहीवर घडीची रेघ तशीच. ब्लाउज पाठीत ओढतोय. निऱ्यांची तोंडं चुकीच्या बाजूला. एका फोटोवर तर ११ टाचण्या! मॉडेलच्या डोळ्यांतली चमक टिपण्यात मी इतकी गुंग, की जे विकायचं ते अंगावर नीट बसलंय का, हे बघणं माझंच काम आहे हे गावीच नव्हतं. संध्याकाळपर्यंत उरले पाच.

मग तुमच्याच खोलीत शूट सुरू झालं. दोऱ्याचा रंग जुळवायला तुम्ही टेबल उत्तरेच्या खिडकीशी ठेवलंय. तोच उजेड बाजूनं घेतला आणि सुती साडीची वीण उठून आली. समोरून फ्लॅश मारला की तीच साडी कागदासारखी सपाट. आयर्विंग पेन या अमेरिकन फोटोग्राफरनं १९५० साली पॅरिसमध्ये उंची पोशाखांचे फोटो असेच काढले होते, वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात, मागे नाटकाचा जुना पडदा लावून. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात, ‘‘त्यालाही दोरा जुळवायचा असेल.’’ (पुण्यात एक गंमत आहे. मेच्या मध्यापासून जुलै सरेपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे कलतो. तेवढे दिवस खिडकीला पांढरं मलमल लावावं लागलं.)

घेरदार घागऱ्याचं तर विसरणारच नाही. उरेब, म्हणजे तिरकं, कापलेला म्हणून तुम्ही तो आदल्या रात्रीच टांगून ठेवला होतात. मी मॉडेलला नुसतं उभं करत होते. तुम्ही म्हणालात, ‘‘गिरकी घेऊन थांबू दे तिला. माणूस आधी थांबतो, कपडा नंतर. त्या मधल्या वेळात घे.’’ शटरचा वेग एक पंचविसांश सेकंद, मग साठांश, मग अडीचशांशवर आल्यावर तो घेर हवेत स्वच्छ सापडला. आज तोच माझा पहिला फोटो आहे.

खणाच्या ड्रेसवर स्क्रीनभर इंद्रधनुषी वळ्या उमटल्या, तेव्हा तुम्ही कापड उलटंपालटं करून तपासलंत. ‘‘कापडात काही नाही. तुझ्या यंत्रात आहे.’’ बरोबर होतं. बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकींत अडकली की असं होतं. दोन पावलं मागे सरकले, गेलं.

एक कबुली. सैल कुर्ता मागून चिमट्यांनी आवळू नकोस, शिवण ओढली जाते, कच्चे टाके घाल, असं तुम्ही सांगितलंत. पण घाई असली की मी अजून चिमटेच लावते.

आता पोर्टफोलिओत १६ फोटो आहेत, ११ तुमच्या खोलीतले. एका बुटीकनं ते बघून १२ पोशाखांचं लुकबुक, म्हणजे फोटोंची पुस्तिका, करायला दिलं, पैशासकट. श्रेयात तुमचं नाव घालू म्हटलं तर तुम्ही म्हणालात, ‘‘शिंप्याचं नाव आतल्या बाजूला असतं.’’ मी ऐकलंय, म्हणून इथेही ते नाही.

ती जीन्स मात्र अजून तुमच्याच खुंटीवर आहे. शनिवारी न्यायला येते.

तुमची,
४८ फोटोवाली