सिटी बसची वाट पाहत उभे राहू नका

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा नुसतं "बघू" म्हणतात आणि आई "जेवलीस का" विचारून मोकळी होते. म्हणून लिहून पाठवते आहे. गिरणाऱ्याची आपली सकाळची सिटी बस वाहकांच्या संपात बंद झाली आहे आणि माझ्या अंदाजाने ती इतक्यात सुरू होत नाही. मी रघूची रिक्षा महिन्याच्या बोलीवर लावली आहे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टरांकडे जायला. पहिल्या महिन्याचे पैसे त्याला दिलेसुद्धा. बाबा, रागावण्याआधी पुढचं वाचा.

तुम्ही म्हणता, एसटीतही असे तंटे व्हायचे आणि मिटायचे. व्हायचे, पण तेव्हा गाडी, चालक, वाहक, आगार सगळं एकाच महामंडळाचं होतं. ८ जुलै २०२१ पासून नाशिक शहराची बस महापालिकेने घेतली ती ठेक्यावर. गाडी आणि चालक एका ठेकेदाराचे, वाहक पुरवणारा दुसरा, आणि तिकिटाचा पैसा जमा होतो महापालिकेच्या परिवहन कंपनीकडे. ठेकेदाराला गाडीत दहा माणसं बसली काय नि साठ काय, किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. फेरी चुकली की दंड कापतात. बिल अडकलं की आधी पगार थकतो, कारण गॅस उधार मिळत नाही आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. मग वाहक कामावर येत नाहीत, आणि वाहकाविना गाडी आगाराबाहेर पडत नाही. नाशिकमध्ये हे एकदा नाही, अनेकदा झालं आहे. मुंबईत तर बेस्टच्या भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या एका ठेकेदाराने २०२२ मध्ये परवडत नाही म्हणून सेवाच सोडली.

संप मिटला की शहरातल्या गाड्या सुरू होतात. आपली का होत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण भारमानाचा, म्हणजे गाडी किती भरते याचा, हिशोब तुम्ही एसटीत जन्मभर केलात. समजा किलोमीटरला ६० रुपये खर्च आहे. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर म्हणजे फेरीला २,१६० रुपये. दोन्ही बाजूंचे मिळून ३० प्रवासी, सरासरी तिकीट २० रुपये, म्हणजे हाती ६००. उरलेले १,५६० कोणी भरायचे? आपण हद्दीबाहेरचे. शहरातल्या घरपट्टीतून आपल्या फेरीची तूट का भरायची, असा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि त्याला उत्तर देणं सोपं नाही. त्यात सकाळची पहिली गाडी तपोवनच्या आगारातून इथपर्यंत जवळपास रिकामी यायची. अशा रिकाम्या किलोमीटरचे पैसे बऱ्याच करारांत पूर्ण मिळत नाहीत. त्यामुळे ओढाताण झाली की शेवटच्या टोकाची आणि वेळी-अवेळीची फेरी आधी कापली जाते. शहरातल्या गर्दीच्या नाशिक रोड-निमाणी मार्गाला कोणी हात लावत नाही. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. गाडीत दहाच माणसं असली तरी त्या दहांना दुसरी सोय नसते, आणि सार्वजनिक बस असते ती त्यांच्यासाठीच.

पण तोवर आईचं काय? बस येईल म्हणून सकाळी इन्सुलिन टोचून फाट्यावर थांबायचं, बस यायची नाही, आणि नाश्ता दहा वाजता, हे मला चालणार नाही. आई, ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन घ्यायचं नाही. तपासणीला उपाशी जायचं त्या दिवशी सुई आणि डबा दोन्ही बरोबर ठेव, रक्त दिल्यावर तिथेच सुई घे आणि मग खा. जेवणानंतरचं रक्त पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी द्यायचं, शेवटच्या घासापासून मोजायचं नाही. हात थरथरले, घाम सुटला तर मशीनवर बघ. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. मशीन जवळ नसेल तर साखर आधी घे. पर्समध्ये साखरेची पुडी आहे ना? चहात टाकून संपवू नकोस. आणि उन्हाळ्यात इन्सुलिनची पिशवी रिक्षात पुढच्या काचेपाशी ठेवायची नाही, मांडीवर घ्यायची.

रघू साडेसातला दारात येईल. फाट्यापर्यंत चालायचं नाही. मागच्या सीटवर तुम्ही दोघंच, वाटेत तो कोणाला घेणार नाही, तसं ठरलं आहे. आईच्या पाठीला लागते ती उशी ठेवायला त्याला सांगितलं आहे. डॉक्टरांकडे तो थांबेल, त्यामुळे घाई करून औषधं अर्धी घेऊन येऊ नका. बाबा, हे पैसे उपकार नाहीत. मुक्कामी गाडीवरून तुम्ही घरी यायचात तेव्हा खाकी शर्टाच्या खिशातलं चिंचेचं बोटुक माझ्याआधी दादाला कधी दिलं नाहीत. त्याचा हिशोब मी अजून ठेवला आहे, आणि तो फिटायचा नाही. पुण्याला या असंही मी म्हणत नाही. तो विषय दिवाळीत संपला.

रघूला कधी जमलं नाही तर हरसूलकडून येणारी एसटी धरा आणि गंगापूर नाक्याला उतरा. बाबांना पंचाहत्तर उलटल्यामुळे एसटीत तिकीट नाही, आईला अर्धं. आधार कार्ड शर्टाच्या खिशात हवं, कपाटात नको. शेअर रिक्षात मात्र बसायचं नाही. बसावंच लागलं तर चालकाच्या शेजारी तर मुळीच नाही. त्या अर्ध्या सीटवर एक पाय बाहेर लोंबतो, आणि तुमच्या गुडघ्याला वाकायचं कळत नाही. हो, मला माहीत आहे, तुम्ही टपावर बसूनही प्रवास केलाय.

आता बाबांसाठी एक काम, आणि ते तुमच्याइतकं नीट गावात दुसरं कोणी करणार नाही. नुसत्या तक्रारीच्या अर्जाने फेरी मिळत नाही. ग्रामसभेचा ठराव घ्या आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांना द्या, प्रत आगार व्यवस्थापकांना. "बस हवी" एवढंच लिहू नका. कोणत्या वेळेला किती माणसं चढतात ते आठवडाभर फाट्यावर मोजून घ्या, पण तुम्ही उभे राहू नका, शाळेतली मोठी पोरं मोजतील. नाशिकला शिकायला जाणाऱ्या मुलींची यादी शाळेच्या शिक्क्यासह जोडा. बारावीपर्यंतच्या मुलींचा पास मोफत असतो, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे, आणि या सवलतींचे पैसे सरकार एसटीला देतं. म्हणजे कागदावर आपल्या फेरीचं उत्पन्न दिसतं त्याहून जास्त निघतं. नवी गाडी मागू नका. हरसूलहून येणाऱ्या एखाद्या गाडीची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, एवढंच मागा. नवीन शेड्यूल मंजूर करण्यापेक्षा वेळ बदलणं आगाराला सोपं पडतं, हे तुम्हीच मला शिकवलं आहे. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

मसुदा तुमच्या हाताने लिहा, तुमचं अक्षर सुंदर आहे. मला फोटो पाठवा, मी टाइप करून देते. शुक्रवारी रघू आला की मला मिस्ड कॉल द्या. आई, त्याला चहा दे, पण त्याच्या नादाने दुसरा कप तू घेऊ नकोस.

तुमची,
मनू