खुणा म्हणजे नक्षी नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

लग्नपत्रिकांची अक्षरजुळणी करण्यात माझी बावीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात एक पत्रिका आली. मुलगा कोथरूडचा, मुलगी व्हिएतनामची, लग्न दानांगला. इंग्रजी आणि व्हिएतनामी मजकूर वळणदार, लपेटेदार अक्षरांत हवा होता. मी नेहमीचा खपाऊ फॉन्ट लावला आणि मुलीचं आडनाव टाकलं, न्गुयेन. त्यातल्या रोमन ‘ई’वर टोपी असते आणि टोपीवर नागमोडी रेघ. ते अक्षर त्या फॉन्टमध्ये नव्हतंच. संगणकाने ते दुसऱ्याच फॉन्टमधून उचललं, आणि झोकदार अक्षरांच्या मधोमध एक ठोकळा ‘ई’ उभा राहिला. घाईत मी टोपी आणि रेघ दोन्ही पुसली. दानांगच्या चारही खुणा तशाच उडवल्या.

मुलीच्या आईने प्रुफावर लाल गोल करून पाठवले. त्यांचं बरोबरच होतं. ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां’वरचा अनुस्वार गेला तर आपण पत्रिका परत करतो, आणि इथे मी एका मुलीचं आडनावच मोडलं होतं.

व्हिएतनामीत सहा सूर आहेत, म्हणजे आवाजाच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तो चढउतार खुणेने दाखवतात. ‘मा’ची रोमन अक्षरं तीच दोन, पण खुणेप्रमाणे अर्थ भूत, आई, पण, थडगं, घोडा किंवा भाताचं रोप. ही लिपी सतराव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातून घडली. त्यांपैकी अलेक्झांडर द ऱ्होड यांचा व्हिएतनामी शब्दकोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. साध्या रोमन अक्षरांखेरीज तिला लहानमोठी मिळून 134 अक्षरं लागतात.

वळणदार फॉन्टमध्ये खरी कसोटी पुढेच आहे. ‘ओ’ला उजवीकडे वर एक आकडा लागतो, आणि अक्षरं एकमेकांना जोडणाऱ्या वळणात पुढच्या अक्षराकडे जाणारी रेघही नेमकी तिथूनच निघते. खालचा टिंब लपेट्यात बुडतो. दुमजली खुणा वरच्या ओळीच्या शेपट्यांना टेकतात, म्हणून ओळींतलं अंतर वाढवावंच लागतं. हे सगळं फॉन्ट काढणाऱ्याने बसवलेलं असावं लागतं. वरून खूण चिकटवून भागत नाही.

असे फॉन्ट आहेत, आणि फुकटही आहेत. ‘डान्सिंग स्क्रिप्ट’मध्ये व्हिएतनामी अक्षरं आहेत. आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट काढणाऱ्या संस्थेच्या ‘बलू’तही आहेत, मात्र तो गुबगुबीत वळणाचा, पत्रिकेला चालला नसता. मी डान्सिंग स्क्रिप्ट लावून पत्रिका नव्याने जुळवली आणि या वेळी एकेक खूण त्या आईंकडून तपासून घेतली.

धंद्यातल्या मित्रांना कळकळीची विनंती : गिऱ्हाइकाला नमुना दाखवण्याआधी त्याच फॉन्टमध्ये वधू-वरांची नावं आणि गावाचं नाव टाकून पाहा. मजकूर फोटोत नको, टाइप केलेलाच मागा. आणि फॉन्ट विकणाऱ्यांनी नमुन्याच्या पानावर व्हिएतनामी अक्षरं आहेत की नाहीत, एवढं स्पष्ट छापावं.

आपला,
एक अक्षरजुळणीकार, सदाशिव पेठ, पुणे